कानापासून प्रश्नापर्यंत : आपल्या अभ्यासाची वाटचाल

१

‘अभ्यास’ हा शब्द आपल्या घरांत फार उशिरा आला. कष्ट होते, राबणे होते, गावकीची कामे होती, येसकरपाळी होती. परंतु रोज ठरावीक वेळी एका जागी बसावयाचे, काही वाचावयाचे आणि त्यावर विचार करावयाचा, असा दिनक्रम आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला येण्याची सोयच या समाजव्यवस्थेत नव्हती. म्हणूनच ‘या मुलांना अभ्यासाचे वळणच नाही, विचार करणे यांना जमत नाही’ असे कुणी म्हटले की ते पटत नसूनही आपण क्षणभर गप्प होतो. आपल्याजवळ राग असतो, उत्तर नसते. ते उत्तर इतिहासात शोधावयाचे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. खोल विचार करणे ही सवय आहे, आणि कोणतीही सवय लागावयास काही गोष्टी हाताशी असाव्या लागतात. बसावयास जागा लागते. दिवा लागतो. आपला म्हणावा असा वेळ लागतो. आणि आपण प्रश्न विचारला तर न रागावणारे माणूस लागते. या चार गोष्टी आपल्याला शतकानुशतके मिळू दिल्या गेल्या नाहीत. जेथे त्या मिळाल्या तेथे एका पिढीत, क्वचित तीन वर्षांत, काय घडून आले याचा पुरावा कागदावर आहे. त्या पुराव्याचा काही भाग मी राहतो त्या नगर शहराशी जोडलेला आहे, म्हणून तेथूनच तो मांडणे मला सोपे जाते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि नागापूरला राहतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर शहरातून मनमाड रस्त्याने निघून सीना नदी ओलांडली की नागापूर आणि त्याला लागून असलेली औद्योगिक वसाहत लागते. माझ्या वर्गातील कित्येक मुले-मुली या वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून राबणाऱ्यांची आहेत. काही स्वतःच रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येतात. ही मुले हुशार नाहीत, असे म्हणणारा एकही पुरावा मला दहा वर्षांत सापडलेला नाही. त्यांना अभ्यास कसा करतात हे कुणी दाखवलेले नाही, याचे पुरावे मात्र रोज सापडतात.

२

ज्ञान ही वस्तू या देशात दीर्घकाळ कानावाटे एका पिढीकडून दुसरीकडे गेली. वेद लिहून ठेवावयाचे नसत, ऐकून पाठ करावयाचे असत. ध्वनी बिघडू नये म्हणून पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठांतराचे प्रकार रचले गेले. त्या परंपरेने शब्द अचूक जपला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्ञानाचा दरवाजा कान हाच असेल, तर ज्यांना ज्ञान द्यावयाचे नाही त्यांचे कान बंद करणे ओघाने येते. गौतम धर्मसूत्रात ते स्पष्टपणे आले आहे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात कथील व लाख वितळवून ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी, स्मरणात ठेवला तर शरीर छेदावे, अशा तीन शिक्षा तेथे सांगितल्या आहेत.

या शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा अमलात आल्या हा वेगळा प्रश्न आहे. माझे लक्ष त्यांच्या क्रमाकडे जाते. ऐकणे, बोलून दाखवणे, ध्यानात ठेवणे : शिकण्याच्या या तीन पायऱ्या आहेत, आणि सूत्रकाराने प्रत्येक पायरीवर पहारेकरी बसवला आहे. माणूस कसा शिकतो हे त्याला पुरते ठाऊक होते. ज्यांच्यात शिकण्याची कुवतच नाही त्यांच्यासाठी असा बंदोबस्त कुणी करीत नाही. आपल्या कुवतीचे याहून जुने प्रशस्तिपत्र आणखी कोणते हवे?

याच भूमीत दुसरी एक परंपरा होती. बौद्ध वाङ्मयात प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत : ऐकून येणारी, चिंतनातून येणारी आणि भावनेतून, म्हणजे स्वतःत रुजवण्याच्या अभ्यासातून येणारी. ऐकणे ही येथे केवळ सुरुवात आहे. कालाम सुत्तात बुद्धाने केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते याच धर्तीचे आहे. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. एका परंपरेत शिष्याने शब्द जसाच्या तसा परत द्यावयाचा असतो. दुसरीत त्याने शब्द तपासावयाचा असतो. आपण ज्याला शिक्षण म्हणतो त्यात या दोन्ही प्रवृत्ती आजही एकाच बाकावर बसलेल्या दिसतात.

इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवणे आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी एका सुरात म्हणणे हेच मुख्य शिक्षण होते. हिशेबापुरते ते उपयोगी होते. परंतु ‘असे का?’ हा प्रश्न त्या सुरात बसत नव्हता. पुढे सरकारी आणि मिशनरी शाळा आल्या, छापील पुस्तक आले, आणि ज्ञानाचा दरवाजा कानाकडून डोळ्याकडे सरकला. छापील अक्षराला वाचणाऱ्याची जात कळत नाही. ही क्रांती मोठी होती; पण घोकण्याची चाल तिच्याही आत शिरली. मिशनच्या शाळांतून प्रश्नोत्तरांची पुस्तके असत. तेथे प्रश्नही छापलेला असे आणि उत्तरही. मुलाने दोन्ही पाठ करावयाचे. प्रश्न पाठ करणे आणि प्रश्न पडणे यांतील अंतर त्या पुस्तकाने कापले नाही. ते कापले आपल्यातीलच एका मुलीने.

३

मिस सिंथिया फेरार ही अमेरिकन मिशनरी बाई १८२७ साली मुंबईस आली आणि १८३९ पासून नगरला राहून तिने मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले १८४८ च्या सुमारास नगरला आले तेव्हा त्यांनी ही शाळा पाहिली. स्त्रियांच्या शिक्षणाचे काम हाती घेताना या शाळेचा आपल्यावर प्रभाव पडल्याचे त्यांनी पुढे स्वतः नोंदवले आहे. सावित्रीबाईंनी नगरला मिस फेरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिकवावे कसे हे आधी शिकावे लागते, ही जाणीव त्या काळात एका माळी कुटुंबातील तरुण बाईला होती, हे विसरू नये.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे महार-मांगादिकांसाठी शाळा निघाल्या. त्यांपैकी एका शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी शिकत होती. तिचे शाळेतील शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरहूनच अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेले.

या निबंधाचे कौतुक आपण नेहमी करतो. पहिला दलित स्त्री-लेख म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. परंतु मला तो आणखी एका कारणासाठी वाचावासा वाटतो. ही मुलगी विचार कसा करते हे त्यात पायरीपायरीने दिसते.

पहिली पायरी अशी. वेद केवळ ब्राह्मणांचे आहेत, इतरांनी ते पाहू नयेत, असे वेदाधिकारी म्हणतात. मुक्ता त्यांच्याशी भांडत नाही. ती त्यांचे म्हणणे मान्य करते आणि पुढे चालते. ख्रिस्त्यांना बायबल आहे, मुसलमानांना कुराण आहे, ब्राह्मणांना वेद आहेत. आम्हांला तर ग्रंथच नाही. मग आम्ही धर्मग्रंथावाचून आहोत हे उघड झाले. तेव्हा आमचा धर्म कोणता, हे देवाने सांगावे. प्रतिपक्षाचे वाक्य हाती घेऊन त्यातून त्याला नको असलेला निष्कर्ष काढणे, याला तर्कशास्त्रात मोठे मोल आहे. तीन वर्षे शाळेत गेलेल्या मुलीने ते विनासायास केले आहे.

दुसरी पायरी पुराव्याची. बाजीरावाच्या काळात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर काय होई, इमारतींच्या पायात माणसे कशी पुरली जात, आपल्यातील कुणी लिहू-वाचू लागला तर त्याला काय ऐकून घ्यावे लागे, हे ती सांगते. तिसरी पायरी अनुभवाची. छप्पर नसलेल्या बाईचे बाळंतपण थंडी-वाऱ्यात कसे होते, याची आठवण ती वाचकाला करून देते, आणि ते दुःख स्वतःवरून ओळखून पाहा असे म्हणते. चौथ्या पायरीवर ती आपल्याच लोकांकडे वळते आणि या आजारावर ज्ञानाचे औषध घ्या असे सांगते. गृहीत, पुरावा, अनुभव आणि कृती. आजही एखादा संशोधन-निबंध या क्रमाने लिहिला गेला तर तो चांगला समजला जाईल.

एवढे तीन वर्षांत कसे घडले? मुक्ता असामान्य होती हे खरेच. परंतु असामान्य मुली तिच्या आधीच्या शंभर पिढ्यांतही जन्मल्या असतील. त्यांचा निबंध आपल्याजवळ नाही. फरक पडला तो शाळेमुळे. तेथे तिला बसावयास जागा मिळाली आणि ज्यांच्यापुढे असा प्रश्न उच्चारता येतो असे शिक्षक मिळाले. बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला असता या मुलीने ‘खाऊ नको, ग्रंथालय द्या’ असे म्हटल्याची आठवण सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो. आपल्या लोकांनी ती जपून ठेवली, यातच आपल्याला काय हवे होते ते आले.

४

‘अभ्यास’ म्हटले की आपल्यापुढे बाबासाहेबांची मूर्ती उभी राहते. घराघरांत त्यांची ग्रंथ हाती घेतलेली तसबीर आहे. परंतु तसबिरीला हार घातला की आपली एक गैरसमजूत पक्की होते. ते विलक्षण बुद्धीचे होते, म्हणून त्यांना ते जमले. आपण सामान्य, आपल्याला कसे जमणार? ही समजूत नम्रतेची वाटते, पण तिने आपली सुटका करून घेतली जाते.

चरित्रातील एक आकडा पाहावा. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा अडतीसही नाहीत. आजच्या निकालाच्या दिवशी असे गुण घेऊन आलेल्या मुलाला आपणच म्हणू, की बाबा, एखादा कोर्स कर आणि कामाला लाग. या २८२ गुणांपासून पुढच्या सोळा वर्षांत दोन खंडांतील विद्यापीठांच्या पदव्यांपर्यंतचा प्रवास कसा झाला, हे खरे शिकण्यासारखे आहे.

त्याचा पाया परळच्या चाळीत होता. एका खोलीत सारा संसार, चुलीचा धूर, माणसांची गर्दी. सुभेदार रामजी मुलाला संध्याकाळीच झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासाला बसवीत. मग स्वतः त्याच जागी आडवे होत. दिवसा ज्या खोलीत जागा नव्हती तिच्यात रात्री दोन वाजता जागा निर्माण केली गेली. घासलेटच्या दिव्याच्या उजेडात गोंगाट नसलेला वेळ शोधून काढला गेला. माझ्या मते आपल्या शैक्षणिक इतिहासातील हा फार मोठा शोध आहे, आणि तो लावणारा माणूस लष्करी शाळेत शिक्षक होता, हा योगायोग नव्हे. पुस्तके हवीत म्हणून याच बापाने मुलींचे दागिने उसने मागून गहाण टाकले, असे चरित्रकार सांगतात.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी नोंदवलेल्या अभ्यासक्रमांची संख्या साठ भरते. त्यात एकोणतीस अर्थशास्त्राचे, अकरा इतिहासाचे, सहा समाजशास्त्राचे, पाच तत्त्वज्ञानाचे, चार मानववंशशास्त्राचे, तीन राज्यशास्त्राचे आणि फ्रेंच व जर्मनचे एकेक. पदवीला एवढ्यांची गरज नव्हती. एका प्रश्नाकडे अनेक बाजूंनी पाहण्याची ही भूक होती. १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरील निबंध त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला, तेव्हा ही सारी शास्त्रे त्यांच्या एका प्रश्नाच्या सेवेत उभी होती. तेथे त्यांचे एक शिक्षक जॉन ड्यूई होते. खरा विचार अडचणीतून, शंकेतून सुरू होतो, असे ड्यूईंनी १९१० च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. आपल्या अडचणीत विचाराचे बीज आहे, हे अस्पृश्य विद्यार्थ्याला सांगणारे तत्त्वज्ञान त्यांना भेटले. मात्र अडचण त्यांनी बरोबर नेलेली होती. ती विद्यापीठाने दिलेली नव्हती.

१९१७ साली ते परतत असताना त्यांचे सामान व पुस्तके घेऊन निघालेले जहाज युद्धात बुडाले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून बंद होण्याच्या वेळेपर्यंत ते बसत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला, तेव्हा परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी मुंबईस येऊन तो पुन्हा लिहिला, निष्कर्ष न बदलता पाठवला, आणि १९२३ अखेर तो स्वीकारला गेला. पुन्हा लिहिणे ही अभ्यासाची शेवटची आणि कठीण सवय आहे. परत आलेला कागद म्हणजे आपला पराभव, असे आपल्या मुलांना वाटते. त्यांना हा प्रसंग सांगितला पाहिजे.

५

एका माणसाने स्वतःसाठी घडवलेल्या सवयी समाजाच्या कशा व्हाव्यात? या प्रश्नाला आपल्या चळवळीने संस्थांच्या रूपात उत्तर दिले आहे. जोतीरावांनी १८५५ साली दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या अशी मागणी केली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. बाबासाहेबांनी १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच १९२५ च्या आरंभी सोलापूरला वसतिगृह काढले. वसतिगृह म्हणजे केवळ फुकट जेवण नव्हे. जागा, दिवा, वेळ आणि सोबत या चारही गोष्टींचे ते एकत्रित नाव आहे.

वेळेचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात वेगळ्या रूपाने पुढे आला होता. डिसेंबर १९३९ मध्ये श्रीरामपूरजवळच्या हरेगावला महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतन नष्ट करण्याची त्यांची मोहीम १९२८ च्या विधेयकापासून चाललेली होती आणि ते वतन अखेर १९५८ च्या कायद्याने गेले. वतनाचा विचार आपण जमिनीच्या दृष्टीने करतो. त्याला दुसरी बाजू आहे. वतनदार महाराला दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही घटकेला बोलावणे येई. त्याच्या चोवीस तासांपैकी एकही तास त्याचा नव्हता. ज्याच्याजवळ स्वतःचा तास नाही तो विचाराची सवय कोठे लावणार? वतन गेले तेव्हा आपल्याला प्रथमच वेळ मिळाला, असे मी म्हणेन.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय ज्यातून रूपाला आले ते महाविद्यालय सुरू झाले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद शंका विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. आपल्या महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, आणि उत्तर देणाऱ्या नागसेनाचे नाव भोवतालच्या परिसराला. विद्यार्थ्याचे स्थान कोणते, हे या नावांच्या रचनेत आपोआप सांगितले गेले आहे. हितकारिणी सभेच्या इंग्रजी घोषवाक्यात ‘एज्युकेट’च्या शेजारी ‘ॲजिटेट’ हा शब्द होता. त्याचा अर्थ आपण रस्त्यावरच्या लढ्यापुरता घेतो. परंतु त्या शब्दात ढवळणे, घुसळणे हाही अर्थ आहे. मन ढवळून निघाल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही, असे मी माझ्यापुरते त्यातून घेतले आहे.

६

आता आजचे. माझे आईवडील हंगामात ऊसतोडीला जात. मी आजीजवळ राहून शिकलो, समाजमंदिराच्या दिव्याखाली वाचले. एका शिक्षकाने भर वर्गात मला म्हटले होते, की तुम्हांला सवलत आहे, तुम्ही कशाला डोके शिणवता? ते वाक्य मी पुष्कळ वर्षे बाळगले. पुढे महाविद्यालयात दुसरे एक शिक्षक भेटले. त्यांनी मला एका धड्याबद्दल विचारले आणि मी पुस्तकातील वाक्ये धडाधड म्हणू लागताच ते म्हणाले, ‘पुस्तक मीट, आणि हे तुझ्या आजीला सांगतोस तसे सांग.’ मला चार वाक्ये धड जुळवता आली नाहीत. त्या दिवसापासून मी प्रत्येक पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटू लागलो. पदवीपर्यंतचा माझा सगळा प्रवास त्या मिटलेल्या पुस्तकावर उभा आहे.

या साध्या गोष्टीला आता शास्त्राचाही आधार आहे. जर्मनीच्या एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवले होते, की नुसते पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. घोकंपट्टी का टिकून आहे, याचे उत्तर त्या पाच मिनिटांत आहे. ती लगेच फळ देते, आणि मग फसवते.

नागापूर आणि शहराच्या आसपास आता ठिकठिकाणी ‘अभ्यासिका’ निघाल्या आहेत. महिन्याचे पैसे भरले की एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता मिळते. पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा यांची तयारी करणारी आपली मुले पोटाला चिमटा घेऊन तेथे बसतात. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. परंतु तेथे चालते काय? चार पर्यायांपैकी एकावर खूण करण्याचा सराव. जागा आणि दिवा आता विकत मिळतो. वेळ मुलगा झोपेतून काढतो. पण प्रश्न विचारावयाला माणूस तेथे नसतो. शेजारच्या खुर्चीतील मुलाशी बोलणे तर नियमाने मना असते. पुन्हा प्रश्नही छापलेला आणि उत्तरही छापलेले.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही रविवारी सकाळी बसतो. पंधरा-वीस मुले-मुली असतात, कधी पाचच. नियम तीन आहेत. दोन पाने सर्वांनी वाचावयाची. पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत सांगावयाचे. आणि उठण्यापूर्वी प्रत्येकाने एक असा प्रश्न वहीत लिहावयाचा, की ज्याचे उत्तर त्या दोन पानांत नाही. तिसरा नियम सर्वांत अवघड जातो. पहिले काही रविवार वह्या कोऱ्या राहतात.

एकदा हरेगाव परिषदेवर वाचन झाले. एका मुलीने वहीत लिहिले : वतनात जमीन होती, आणि आपल्याकडे तर जमीन नव्हती, मग बाबासाहेबांनी ते नको का म्हटले? वर्गात एवढा चांगला प्रश्न मला क्वचित ऐकावयास मिळाला आहे. मी उत्तर दिले नाही. तिने स्वतःच्या आजोबांना विचारावे असे सुचवले. पुढच्या रविवारी ती हिशेब घेऊन आली. वाटण्या होत होत घरटी किती गुंठे उरले होते, त्याच्या बदल्यात किती माणसे किती दिवस राबत, आणि मजुरी धरली असती तर किती झाली असती, हे तिने आजोबांच्या सांगण्यावरून मांडले होते. शेवटी तिने लिहिले होते, की जमीन हवीच होती, पण दावे नको होते. बाबासाहेबांची मागणीही तीच होती : वतन जावे आणि जमीन रयतेप्रमाणे सारा भरून त्याच लोकांकडे राहावी. तिला ते वाचावयास मी नंतर दिले. आधी ती स्वतः तेथे पोचली होती.

अशा मुलींना ‘विचार करता येत नाही’ म्हणणाऱ्यांना आता आपल्याजवळ उत्तर आहे. परंतु त्यांना उत्तर देणे हे आपले मुख्य काम नाही. जयंतीला आपण वर्गणी काढतो, कमानी उभारतो, गाणी लावतो. ते सारे असू द्यावे. त्यातील थोडा पैसा बाजूला काढून प्रत्येक वस्तीतील समाजमंदिरात एक खोली, दोन दिवे आणि रात्री दहापर्यंत उघडे राहणारे कपाट करता येईल. जेथे शिकलेला एक तरी माणूस आहे तेथे त्याने आठवड्याचे दोन तास त्या खोलीत बसावे. शिकवण्याची घाई करू नये. मुलांनी पुस्तक मिटले की ऐकावे, आणि त्यांना पडलेला प्रश्न कितीही अवघड वा गैरसोयीचा असला, तरी तो वहीत लिहू द्यावा.